कामापुरते काम, उन्हापुरता आळस : गुहागरकडच्या एका घरगुती निवासाविषयी

गुहागर तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात, नारळी-पोफळीच्या वाडीत असलेल्या एका घरी उन्हाळ्याच्या दिवसांत पाहुण्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय केली जाते. घराचे नाव येथे मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे कौतुकाबरोबर काही तक्रारीही करायच्या आहेत आणि हा सारा व्यवसाय एका कुटुंबाच्या एकाच स्वयंपाकघरावर उभा आहे. घरगुती निवास ही आता कोकणात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी या पट्ट्यात मे महिन्यात दर चार घरांआड तशी पाटी दिसते. या घराचे वेगळेपण असे, की मे महिन्यात तेथे आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीची, जी कामे चालू असतात, त्यांना पाहुण्याने वाटल्यास सकाळी हात लावावा, दुपारी जेवून आडवे व्हावे, आणि या दोहोंपैकी कशाबद्दलही त्याला कोणी जाब विचारू नये, एवढीच तेथील योजना आहे. फोनवर चौकशी केली तेव्हा घरमालक काका म्हणाले, "काम आहेच. तुम्ही केलंत तर बरं, नाही केलंत तर ते व्हायचं काही राहत नाही." एवढे ऐकूनच आम्ही आगाऊ रक्कम पाठवून दिली.

आम्ही राहणारे चिपळूणचे. चिपळूणहून शृंगारतळीमार्गे गुहागर सुमारे ४५ किलोमीटर, त्यामुळे कोकणातल्या माणसाने सुटी घालवायला पैसे मोजून कोकणातच जावे, याची नातेवाइकांनी यथेच्छ थट्टा केली. पण आमची अडचण निराळी होती. मी हिशेबाच्या कामातला, पत्नी शाळेत शिक्षिका. मार्चअखेर आणि परीक्षा एकदमच येतात आणि त्या संपल्या तरी अंगातली घाई संपत नाही. आमच्या घरात आळस करायचा झाला तर त्याला निमित्त लागते. अंगात ताप तरी हवा, नाहीतर रस्ते बंद पडतील असा पाऊस तरी हवा. रविवारी कपाटे आवरून झाली की कोणीतरी माळा काढायचे ठरवते. आणि ज्या दिवशी काहीच करायचे नाही असे घोकून ठरवतो, त्या दिवशी दोघेही सोफ्याच्या दोन टोकांना मोबाइल चाळत बसतो. लोक त्याला आळस म्हणतात. मला तो आळसाचा अपमान वाटतो. ती बिनपगारी नोकरी आहे, कारण त्यातून उठलेला माणूस बसताना होता त्याहून अधिक थकलेला असतो.

कोकणी माणूस आळशी, हे तर आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मुंबईहून आलेला पाहुणा दुपारी बारा-एकच्या सुमाराला गाडीतून उतरतो, गाव झोपलेले पाहतो आणि निष्कर्ष काढून मोकळा होतो. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची ख्याती पुण्याच्या नावावर खपली असली, तरी मे महिन्यात या किनाऱ्यावरच्या कोणत्याही लहान बाजारात त्या वेळी काडेपेटी मिळवून दाखवावी. हेच गाव पहाटे साडेपाचला कसे असते, ते या पाहुण्याने पाहिलेले नसते, कारण तेव्हा तो घाटात झोपलेला असतो. या घरातील मुक्कामाचा खरा उपयोग हा, की दिवस कोठे सुरू होतो ते आधी दिसते आणि मग दुपारच्या झोपेचा हिशेब आपोआप लागतो.

काकांची हापूसची कलमे वाडीत नाहीत, वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, आहेत. तेथील कातळात सुरुंगाने खड्डे पाडून, त्यांत बाहेरून आणलेली माती भरून ती लावलेली आहेत. काढणीसाठी उजाडताच निघावे लागते. लांब बांबूच्या टोकाला जाळीची पिशवी आणि धारदार पाते बसवलेला झेला वापरून आंबा देठासकट उतरवतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने सुधारलेल्या 'नूतन झेल्या'चाच हा प्रकार. देठ राहिला नाही तर चीक सालीवर ओघळतो, तेथे काळा डाग पडतो आणि आंबा अढीत देठाकडून कुजू लागतो. कोणता आंबा चौदा आणे तयार झाला आणि कोणता अजून बारा आण्यांवर आहे, हे खालून मान वर करून ओळखण्याची दृष्टी एका सुटीत येत नाही, म्हणून पाहुण्यांना झेला थोडाच वेळ हातात देतात आणि नंतर झाडाखाली सावलीत आंबे निवडायला बसवतात. हा काकांचा शहाणपणा आहे. बागेवर काढणीला आणि राखणीला दोन नेपाळी गडी आहेत, जसे ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या पुष्कळ बागांत असतात. त्यांच्या वेगात आपण लुडबूड करीत आहोत, हे पहिल्या दहा मिनिटांत लक्षात येते. सूर्य वर आला की काम थांबते. क्रेट भरलेले असोत वा नसोत, कोणी 'अजून थोडे' म्हणत नाही. कचेरीत वावरणाऱ्याला याची सवय व्हायला जरा वेळ लागतो.

परंतु या मुक्कामातील सर्वांत उत्तम भाग आंब्याचा नव्हे, रातांब्यांचा आहे. वाडीच्या कडेला रातांब्यांची, म्हणजे कोकमाची, झाडे आहेत आणि मेमध्ये त्यांची लालभडक फळे टोपल्या भरभरून घरात येतात. न्याहारीनंतर मागच्या पडवीत आजी, काकू आणि ज्यांना हौस असेल ते पाहुणे गोल करून बसतात. फळ धुऊन, चिरून, बिया आणि गर एका पातेल्यात काढायचे आणि साले दुसरीकडे ठेवायची. गर-बियांना मीठ लावले की रस सुटतो. त्या रसात साले बुडवून काढायची आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, चटईवर एकेक सुटी मांडायची. संध्याकाळी ती गोळा होतात, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पुन्हा रसाचे पुट दिले जाते आणि पुन्हा ऊन. अशी चार-पाच पुटे बसली की साल काळपट, लवचीक आणि चवीला धारदार होते आणि मगच तिला आमसूल म्हणायचे. घाईने एकाच दिवसात दोन पुटे दिली तर रस सालीत मुरत नाही, वरच राहतो आणि पावसाळ्यात बरणीत बुरशी धरते, असे आजी सांगतात. बोटांच्या टोकांवर जांभळट रंग चढतो आणि नखांच्या कडेला कोठे चिरलेले असेल तर आंबट-खारट रस असा झोंबतो, की कोणत्या बोटाला जखम आहे ते वेगळे शोधावे लागत नाही.

या कामात माणसाचा वाटा तास-दीड तासाचा आणि उन्हाचा वाटा उरलेल्या दिवसाचा असतो. माझ्या पत्नीने पहिल्या सकाळी साले मांडून होताच विचारले, "आता काय करायचं?" आजींनी तिच्याकडे जरा नवलाने पाहिले. "आता काय करायचं म्हणजे? आता वाळायचं." त्या सालांबद्दल बोलत होत्या, पण पत्नीने ते स्वतःबद्दल घेतले आणि बरोबरच घेतले. ज्या कामाच्या पोटातच थांबणे आहे, ते काम करणाऱ्याला थांबल्याची लाज वाटत नाही. शहरातली आमची कामे अशी नसतात. एक पत्र पाठवले की त्याचे उत्तर येते, हिशेब जुळला की पुढच्या महिन्याचा उघडतो, आणि कोणीही कधी असे म्हणत नाही की हे आता उद्या सकाळपर्यंत उन्हात राहू दे.

आता राखणीविषयी. आमसुलांखेरीज खळ्यात आंबापोळीची ताटे असतात, फणसाची साठे असतात, सांडगे आणि पापड असतात, आणि त्यांवर कावळे, खारी व शेजारच्या कोंबड्यांचा डोळा असतो. त्यामुळे कोणीतरी पडवीच्या सावलीत काठी घेऊन बसणे आवश्यक असते. पूर्वी हे काम घरातल्या शाळकरी मुलांकडे असे. ती आता शिकायला बाहेर गेल्याने ते पाहुण्यांना मिळते. मला विचाराल तर या निवासाच्या दरातील निम्मे पैसे या एका सोयीचे आहेत. पायाशी तांब्या, हातात काठी, समोर उन्हात पसरलेले घर, आणि अधूनमधून 'हाड्‌' म्हणण्यापलीकडे कोणतेही कर्तव्य नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मनुष्य कामावर आहे असे दिसते आणि आतून तो पूर्णपणे रिकामा असतो. पुस्तक वाचण्याचा प्रयत्न मी करून पाहिला; तो जमत नाही, कारण पानावरून नजर वर येईतो कोंबडी पापडावर पोहोचलेली असते. मोबाइलचेही तेच. म्हणजे लक्ष हवे, पण थोडेच हवे. आणि हे 'थोडेच लक्ष' किती वर्षांत आपण कशाला दिलेले नाही, ते तेथे बसल्यावर कळते. कावळा आमसुलांच्या वाटेला फारसा जात नाही, आंबापोळीवर मात्र त्याचा जीव. राखणदार पेंगू लागला आहे, हे त्याला राखणदाराच्या आधी समजते. एका ताटाचा कोपरा माझ्या देखत गेला, त्यावर काका एवढेच म्हणाले, "कावळ्याचा वाटा धरूनच ताटं लावलेली असतात."

जेवणाची वेळ साडेबाराची आणि ती पाळली जाते. जेवण शाकाहारी आहे: कुळथाचे पिठले, फणसाची भाजी, काजूची उसळ, आमरस, सोलकढी, एखाद्या दिवशी सांदणे. सकाळी मऊ भात, मेतकूट आणि तूप. याहून अधिक वर्णन करण्याचे कारण नाही. कोकणातल्या चांगल्या घरी जे असते ते येथे आहे आणि पोटभर आहे. मासे हवे असणाऱ्याने दुसरे घर पाहावे.

दुपार हा मात्र स्वतंत्रपणे लिहिण्याचा विषय आहे. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सकाळी पडतात आणि समुद्रावरून येणारे खारे वारे सुरू होईपर्यंत मध्ये काही तास असे जातात, की झाडाचे पान हलत नाही आणि घामाने अंगरखा पाठीला चिकटतो. साधारण अकरानंतर वारा फिरतो. ज्याने हे घर बांधले त्याने पश्चिमेची पडवी लांब आणि मोकळी ठेवली आहे, जांभ्याच्या भिंती जाड घेतल्या आहेत आणि झोपाळा नेमका तेथे टांगला आहे, जेथे वाडीतून गाळून आलेला वारा माजघराच्या दारातून आत शिरतो. विजेचा पंखाही आहे, पण दुपारी तो कोणी लावत नाही. जेवणानंतर अर्ध्या तासात घरातील आवाज एकेक करून बंद होतात. आयुर्वेदाने एरवी दिवसा झोपण्याचा निषेध केला असला, तरी ग्रीष्म ऋतूत रात्री लहान असल्याने त्याची मुभा दिली आहे, हे काका दरवर्षी नव्या पाहुण्यांना ऐकवतात. वैद्याची चिठ्ठी दाखवल्यावर काही जणांना झोप लागते असा त्यांचा अनुभव आहे. मलाही त्याचा उपयोग झाला, हे कबूल करायला हरकत नाही.

या झोपेविषयी एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण आळस आणि आळशीपणा यांत फरक करायचा तर तो मला तेथे डोळ्यांनी दिसला. एका दुपारी तीनच्या सुमारास मळभ आले. सगळे घर आडवे होते, आजी झोपाळ्यावर पदर डोळ्यांवर घेऊन पडलेल्या होत्या, आणि राखणीवर त्या वेळी पुण्याहून आलेला एक तरुण होता, जो आभाळाचे छायाचित्र काढण्यात गुंतला होता. पहिला थेंब पडण्याच्या आधीच आजी ओरडल्या, "उचला, पाऊस आला!" पुढच्या काही क्षणांत माजघरातून, खोल्यांमधून, मागच्या पडवीतून माणसे धावली, चटया चारी टोकांनी धरून आत गेल्या, ताटांवर ताटे चढली, काकांनी जळाऊ लाकडांवर ताडपत्री ओढली, आणि सर पडवीच्या पायरीवर आपटली तेव्हा खळ्यात फक्त एक उलटलेले सूप उरले होते. सर दहा मिनिटांत ओसरली. मी आजींना म्हणालो, "तुम्ही तर गाढ झोपला होतात." त्या म्हणाल्या, "निजले कुठे होते? डोळे मिटले होते." 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणणाऱ्याचे पडणे वेगळे आणि हे वेगळे. या घरातला माणूस आडवा असतो, पण त्याचे कान खळ्यात असतात. आणि काम हाकेच्या अंतरावर आहे हे ठाऊक असल्यानेच बहुधा तो इतका निर्धास्त पडू शकतो.

आता तक्रारी. घरातील धाकटे चिरंजीव हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन नुकतेच परतले आहेत आणि वडिलांच्या मोकळ्याढाकळ्या पद्धतीला त्यांनी एक छापील वेळापत्रक जोडले आहे. सकाळी सात ते नऊ आंबेकाढणी, साडेनऊला बैलगाडीची फेरी, अकराला झाप विणण्याचे प्रात्यक्षिक, चारला होडी, सहाला पुळणीवर खेळ, रात्री साडेआठला 'कोकणी संस्कृती'. यासाठी माणशी वेगळे पैसे आहेत. सक्ती नाही, हे खरे. परंतु कागद खोलीच्या दाराला डकवलेला असल्याने, ज्याच्या अंगात घाई भरलेली आहे तो पाहुणा आपोआप त्याच्या मागे लागतो. आमच्या शेजारच्या खोलीतील कुटुंबाने वेळापत्रकातील एकही रकाना चुकवला नाही, आणि निघण्याच्या दिवशी ते येताना होते त्याहून अधिक उन्हाने काळवंडलेले आणि आपसात कुरबुरणारे होते. बैलगाडी भाड्याने आणलेली असते आणि ती फाटकापासून देवळापर्यंत जाऊन परत येते. तिच्यात काहीही वाहून नेले जात नाही. बैलांनाही हे समजत असावे, असे त्यांच्या चालीवरून वाटले. रात्रीच्या संस्कृतीत ध्वनिक्षेपकावर जाखडीची गाणी वाजवतात. जाखडी गणपतीत नाचायची. मे महिन्यात ती ऐकताना शिमग्यात कंदील लावल्यासारखे वाटते. ज्या घरात खरे काम इतके आहे, तेथे खोटे काम कशासाठी रचावे, हे मी चिरंजीवांना विचारले. त्यांचे उत्तर प्रामाणिक होते: "काका, लोक विचारतात की दिवसभर तिथे करायचं काय? आमसुलं वाळतात असं सांगितलं तर कोणी येत नाही." त्यात तथ्य आहे. तरीही तो कागद दारावरून काढून ओटीवर, मागेल त्याला मिळेल असा ठेवावा, ही सूचना मी निघताना लिहून दिली आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. पहाटे पाचच्या आधी चूल आणि गॅस दोन्ही पेटतात ते काकूंच्या हातून. रातांबे चिरताना त्या असतात, साडेबाराची पंगत त्या वाढतात, आणि आम्ही सगळे वाऱ्याच्या दिशेने पाय करून पडतो तेव्हा मागच्या मोरीवर भांड्यांचा आवाज सुरू असतो. साडेतीनला चहा. एका दुपारी कोणा पाहुण्याने त्याच्याही आधी उठून थंड कॉफी मिळेल का, असे विचारले आणि ती मिळाली. मी त्यांना म्हणालो, "वहिनी, तुमची दुपार कधी होते?" त्या हसल्या. "माझी दुपार मिरगानंतर." हे ऐकून आमच्या दोघांच्याही झोपेतली अर्धी गोडी गेली. पाहुण्यांना आळसाची मुभा देणाऱ्या या घरात ती मुभा घरच्या सर्वांना नाही, आणि हे दिसत असूनही न पाहता पडून राहणे फार सोपे आहे, कारण काकू तक्रार करीत नाहीत. बागेवरच्या गड्यांचेही तसेच. मी दुपारी काठी घेऊन बसतो ती राखण. ते रात्रभर वानरांसाठी, रानडुकरांसाठी आणि चोरांसाठी जागे असतात तीही राखणच. सकाळी झेला घेऊन ते माझ्या आधी कामावर असतात. एकाच नावाच्या या दोन गोष्टींत काय अंतर आहे, हे पाहुण्यांना सांगणारे त्या छापील कागदावर काहीच नाही.

काकूंच्या बाबतीत आणखी एक. निवासाची नोंदणी आणि बँकेचे खाते काकांच्या नावावर आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये महिला पर्यटन उद्योजकांसाठी 'आई' हे धोरण आणले असून त्यात कर्जावरील व्याजाचा परतावा मिळण्याची तरतूद आहे. ज्या व्यवसायात चार खोल्या काकांच्या आणि बाकी सर्व काही काकूंचे आहे, तेथे या धोरणाची चौकशीही कोणी केलेली नव्हती. मी सांगितले तेव्हा काका म्हणाले, "बघायला हवं," आणि काकूंनी मात्र कागदावर लिहून मागितले. पाहुण्याने यात किती नाक खुपसावे हा प्रश्न आहे. पण अभिप्राय मागितला आहे, तर तो अर्धा का द्यावा?

किरकोळ बाबी. खोल्या स्वच्छ आहेत, गाद्या कापसाच्या आणि काही ठिकाणी गोळा झालेल्या आहेत. संडास-न्हाणीघर प्रत्येक खोलीला वेगळे आहे, पाणी विहिरीचे आहे आणि थोडे मचूळ लागते. पिण्याचे पाणी उकळून देतात. संध्याकाळी डास आहेत. वीज दिवसातून एक-दोनदा जाते. मोबाइलला पुळणीवर रेंज मिळते, घरात मिळत नाही, आणि हे मी तक्रारीच्या रकान्यात लिहावे की कौतुकाच्या, ते ठरलेले नाही. दर माणशी दिवसाला १,८०० रुपये असून त्यात न्याहारी, दोन्ही वेळचे जेवण आणि दोन्ही वेळचा चहा येतो. लहान मुलांना निम्मा. या पट्ट्यातील साध्या घरांच्या मानाने तो थोडा अधिक वाटेल.

हा क्रम घरी परतल्यावर टिकतो का, असे आमच्या कार्यालयातील एकाने विचारले. पूर्ण टिकत नाही. चिपळूणच्या घरात पश्चिमेला पडवी नाही, शेजाऱ्याची भिंत आहे, आणि दुपारी साडेबाराला जेवायला बसलो तर वरिष्ठांचा फोन येतो. जे उरले ते एवढेच, की रविवारी सकाळी एक असे काम काढायचे ज्याचा शेवट डोळ्यांना दिसतो, ते संपले की संपले म्हणायचे, आणि माळ्याकडे बघायचे नाही. गेल्या महिन्यात पत्नीने गच्चीवर सांडगे घातले आणि मला राखणीला बसवले. शहरातले कावळे अधिक धीट आहेत.

कोणी जावे, तर ज्यांना हातांना काम आणि डोक्याला सुटी हवी आहे त्यांनी जावे. ज्यांना दिवसभराचा कार्यक्रम आखून हवा आहे त्यांची सोयही येथे होते, पण त्यासाठी एवढ्या लांब येण्याचे कारण नाही. लहान मुले असलेल्यांनी अवश्य जावे. रातांब्यांच्या पातेल्यात हात घालायला मिळालेले मूल दोन तास कोठेही जात नाही. जुने कपडे न्यावेत, कारण आंब्याचा चीक आणि रातांब्याचा डाग कोणत्याही साबणाने निघत नाही. एप्रिलअखेरपासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. मृग लागण्याच्या आत हे घर पाहुणे घेणे बंद करते आणि ते थेट पावसाळ्यानंतर सुरू होते. मात्र तेव्हा आगोटीची कामे नसतात, सुपारी वाळत असते. निघताना आमसुले आणि आगळ, म्हणजे रातांब्यांचा खारवलेला रस, विकत मिळतात, आणि ती घ्यावीत. बाजारातल्या आमसुलांत मीठच अधिक असते.

मालकांना एकच मागणी आहे. दर माणशी दोनशे रुपयांनी वाढवा, त्या पैशांतून भांडी आणि दुपारचा चहा यांसाठी एक बाई ठेवा, आणि एक ते साडेतीन स्वयंपाकघर बंद असल्याची पाटी लावा. काकूंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई ठेवली तर तिच्यामागे मीच उभी राहणार." तरी ठेवावी.